औषध सुटल्यानंतरचें पथ्य

आपल्या घरांतून औषध आणि पथ्य हे दोन शब्द नेहमीं जोडीनेंच वावरत आले आहेत. वैद्यानें पुडी दिली कीं तिच्याबरोबर काय खावें व काय वर्ज्य करावें ह्याची यादीही यावयाचीच; आणि पुष्कळदां वडील मंडळींचा विश्वास पुडीपेक्षां यादीवरच अधिक असे. अलीकडे मात्र असें एक औषध निघालें आहे कीं, जें रोग्याचें पथ्य जणूं स्वतःच पाळतें. आठवड्यांतून एकदां पोटाच्या कातडीखालीं बारीकशी सुई टोंचावयाची. मग भूक मंदावते, दुसरी पोळी नकोशी होते, आणि दुपारीं चार वाजतां फराळाच्या डब्याकडे जाणारा हात आपोआप मागें येतो. टिर्झेपॅटाइड हें औषध 'माउंजारो' ह्या नांवानें मार्च २०२५ मध्यें, आणि सेमॅग्लुटाइड हें 'वेगोव्ही' ह्या नांवानें जून २०२५ मध्यें भारतांत विक्रीस आलें. तेव्हांपासून लग्नकार्यांत चार माणसें जमलीं कीं "अमक्याचें वजन कसें हो उतरलें?" हा प्रश्न निघतोच निघतो.

परंतु हें औषध पुष्कळजण कधीं ना कधीं बंद करितात. कोणास खर्च झेपत नाहीं, कोणास मळमळ सोसवत नाहीं, कोणास अपत्याची इच्छा असते, तर कोणी "उतरलें तेवढें पुरे" असें म्हणून थांबतो. आणि मग जो प्रश्न पुढें उभा राहतो, त्याचा विचार आधीं फारसा झालेला नसतो. इतके दिवस औषधानें पाळलेलें पथ्य आतां कोणीं पाळावयाचें? ह्या प्रश्नाचें आमचें उत्तर प्रारंभींच सांगून टाकतों : तें एकट्या रोग्याच्यानें पाळवत नाहीं; तें घरानें पाळलें पाहिजे. असें कां, हें समजण्यासाठीं प्रथम औषधाची करणी पाहूं.

औषधाची करणी

आपण जेवलों म्हणजे आंतड्यांतून कांहीं रस रक्तांत मिसळतात व "आतां पुरे" असा निरोप मेंदूस पोंचवितात. त्यांपैकीं जीएलपी-१ हा एक. निसर्गानें दिलेला हा रस रक्तांत अवघीं दोनएक मिनिटेंच टिकतो. शास्त्रज्ञांनीं त्याच्या रचनेंत फेरफार करून सेमॅग्लुटाइड बनविलें; तें मात्र इतकें चिवट आहे कीं, रक्तांतील त्याचें प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारें एक आठवडा लागतो. म्हणजे तृप्तीचा जो निरोप पूर्वीं जेवणापुरता येई, तो आतां अहोरात्र चालू राहतो.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. शेवटची सुई घेतल्यावर औषध एकदम नाहींसें होत नाहीं. तें अंगांतून जवळजवळ पूर्ण निघून जाण्यास पांच आठवडे तरी लागतात. पहिला महिना त्यामुळें फसवा असतो. भूक आटोक्यांत असते, कांटा हालत नाहीं, आणि मनुष्य समजतो, "मी जिंकलों, आतां मला कशाचीच गरज नाहीं." खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. व्यवस्था करावयाची ती ह्या पहिल्या महिन्यांतच, किंबहुना औषध चालू असतांनाच केली पाहिजे. पूर येऊन गेल्यावर बांध घालण्यांत अर्थ नाहीं.

आंकडे काय सांगतात

औषध बंद केल्यावर काय होतें हें आतां अंदाजानें सांगण्याची गरज राहिलेली नाहीं. सेमॅग्लुटाइडच्या एका मोठ्या प्रयोगांतील ३२७ व्यक्तींकडे औषध थांबल्यानंतरही वर्षभर लक्ष ठेवण्यांत आलें. त्याचा वृत्तांत २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्यांचें वजन ६८ आठवड्यांत सरासरी १७.३ टक्के उतरलें होतें. औषध आणि त्यासोबतचा आहारविहाराचा सल्ला, दोन्ही थांबल्यावर वर्षभरांत उतरलेल्या वजनापैकीं दोनतृतीयांश परत आलें. मूळ वजनाहून शेवटीं ५.६ टक्केच घट उरली. नव्वद किलोंच्या गृहस्थाच्या भाषेंत सांगावयाचें, तर तो साडेचौऱ्याहत्तरांपर्यंत उतरला आणि वर्षानें पुन्हा पंचाऐंशींवर आला.

टिर्झेपॅटाइडची कथाही तीच. ज्या प्रयोगाचा वृत्तांत डिसेंबर २०२३ मध्यें बाहेर पडला, त्यांत सर्वांस प्रथम ३६ आठवडे औषध देण्यांत आलें, तेव्हां वजन सरासरी २०.९ टक्के उतरलें. मग निम्म्यांचें औषध त्यांच्या नकळत बदलून त्यांस नुसतें दिखाऊ इंजेक्शन दिलें. पुढील वर्षभरांत त्यांचें वजन १४ टक्क्यांनीं वाढलें. ज्यांचें औषध चालू राहिलें त्यांचें आणखी साडेपांच टक्क्यांनीं उतरलें. मात्र ह्याच प्रयोगांत एक आशेचा किरणही आहे. औषध सुटलेल्यांपैकीं सुमारें सहांत एका व्यक्तीनें उतरलेल्या वजनाचा चारपंचमांश किंवा त्याहून अधिक भाग राखून ठेविला. म्हणजे गोष्ट अवघड आहे, अशक्य नाहीं.

हा दोष मनाचा नव्हे

वजन परत आलें कीं घरांतील बोलणीं सुरू होतात. "एवढे पैसे ओतले, ते पाण्यांत गेले." "जिभेवर ताबा नाहीं, दुसरें काय!" बोलणारांच्या मनांत वाईट नसतें, पण हीं बोलणीं अन्यायाचीं आहेत आणि अपायकारकही आहेत.

अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत १९४४-४५ सालीं अ‍ॅन्सेल कीज ह्या शास्त्रज्ञानें ३६ निरोगी तरुणांवर अर्धपोटीं राहण्याचा प्रयोग केला. हे तरुण स्वखुषीनें आलेले, शिकलेले व दृढनिश्चयी होते. चोवीस आठवड्यांत त्यांचें वजन सुमारें एकचतुर्थांशानें घटलें. पुढें जेव्हां त्यांस पोटभर खाण्याची मोकळीक मिळाली, तेव्हां पोट तडस लागेपर्यंत भरलें तरी त्यांची भूक शमेना. मेलबर्नच्या संशोधकांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत ५० स्थूल व्यक्तींस दहा आठवडे अत्यल्प आहारावर ठेविलें होतें. वर्ष उलटल्यावरही त्यांच्या रक्तांतील भूक वाढविणारे रस पहिल्यापेक्षां चढलेले आणि तृप्ति देणारे उतरलेले आढळले.

तात्पर्य, घटलेलें वजन हें शरीरास दुष्काळाचें चिन्ह वाटतें, आणि तें कोठार पुन्हा भरण्याच्या मागें लागतें. ज्या मनुष्यास हें घडतें त्याचा निश्चय लेचापेचा असतो असें नाहीं. त्याला इतरांपेक्षां खरोखरच अधिक भूक लागत असते. तापानें फणफणलेल्यास "अंग गरम ठेवूं नकोस" असें आपण म्हणत नाहीं. मग ह्यास तरी कां म्हणावें?

कोणतें वजन राखावयाचें?

येथें आपल्या लोकांविषयीं एक विशेष गोष्ट सांगितली पाहिजे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोघांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत आपलें एकत्र छायाचित्र प्रसिद्ध केलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. दोघांचाही देहभारांक, म्हणजे बीएमआय, २२.३. परंतु मोजणी केली तेव्हां युडकिन ह्यांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक ह्यांच्या शरीरांत २१.२ टक्के निघाली! दिसावयास सडपातळ आणि आंतून चरबीयुक्त, अशी आपल्यापैकीं पुष्कळांची घडण असते. म्हणूनच आपल्याकडे २३ च्या पुढील देहभारांक अधिक व २५ च्या पुढील स्थूलतेचा मानतात. आणि पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरांच्या व स्त्रियांची ८० सेंटिमीटरांच्या आंत असावी असें सांगतात.

ह्यांतून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे नुसत्या कांट्यावर विसंबूं नये. महिन्यांतून एकदां शिवणकामाची फीत घेऊन कंबर मोजावी. दुसरी अधिक महत्त्वाची. ह्या औषधांनीं जें वजन उतरतें त्यांत केवळ चरबीच नसते. निरनिराळ्या प्रयोगांत एकचतुर्थांशापासून दोनपंचमांशापर्यंत भाग चरबीखेरीज इतर ऐवजाचा, म्हणजे स्नायू, पाणी वगैरेंचा आढळला आहे. वजन परत येतें तेव्हां मात्र तें बहुतेक चरबीच्याच रूपानें येतें. चांगलें नाणें देऊन खोटें घ्यावें तसा हा व्यवहार होतो. साठी उलटलेल्या सासूबाईंस किंवा मामंजींस तर स्नायू गमावणें फारच महाग पडतें. त्यांचें जिना चढणें, पाटावरून उठणें, पडतां पडतां सांवरणें हें सारें त्या स्नायूंवरच अवलंबून असतें. म्हणून ध्येय ठेवावयाचें तें कांट्यावरील नीचतम आंकड्याचें नव्हे. स्नायू शाबूत, कंबर मर्यादेंत, साखर व रक्तदाब ताब्यांत, अशा स्थितीचें ध्येय ठेवावें. मग वजन दोनचार किलोंनीं परत आलें तरी हाय खाण्याचें कारण नाहीं.

पथ्याचीं चार कलमें

पहिलें कलम : औषध आपल्या मनानें बंद करूं नये. विशेषतः मधुमेह्यानें तर नाहींच. कारण त्याचें औषध वजनाबरोबर साखरही सांभाळीत असतें. केव्हां थांबावें, मात्रा कशी उतरवावी, त्याऐवजीं दुसरें कांहीं घ्यावें कीं काय, हें डॉक्टरांबरोबर बसून ठरवावें. अपत्याची इच्छा असणाऱ्या स्त्रियांनीं सेमॅग्लुटाइड गर्भधारणेपूर्वीं निदान दोन महिने थांबवावें असा निर्देश आहे. संकोचानें ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवूं नये.

दुसरें कलम : प्रथिनांचें. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें प्रौढ माणसास दर किलो वजनामागें रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनें सांगितलीं आहेत. साठ किलोंच्या व्यक्तीस तीं सुमारें ५० ग्रॅम होतात. वजन उतरलेल्यास व म्हाताऱ्यांस डॉक्टर बहुधा ह्याहूनही अधिक सांगतात. फक्त मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधीं विचारावें. आपल्या शाकाहारी स्वयंपाकांत प्रथिनें नाहींत असें नाहीं. तीं पाण्यांत बुडालेलीं असतात! पळीवाढें वरण भाताच्या डोंगरावर ओतल्यानें प्रथिनांची बाजू भक्कम होत नाहीं. शंभर ग्रॅम कोरड्या मुगांत सुमारें २४ ग्रॅम प्रथिनें असतात. मोड आलेल्या मुगामटकीची उसळ वाटीभर, वरण घट्ट, सकाळीं पोह्यांऐवजीं मुगाचें धिरडें, दुपारीं पिठलें, रात्रीं दहीं किंवा थोडें पनीर, अशी मांडणी केली म्हणजे निराळ्या पाकशास्त्राची गरज पडत नाहीं. जेवणाचा क्रमही थोडा बदलावा : प्रथम कोशिंबीर व उसळ, मग पोळीभाजी, आणि भात शेवटीं, तोही वाटीनें मोजून.

तिसरें कलम : व्यायामाचें. कोपनहेगन येथें एक फार उद्बोधक प्रयोग झाला. १९५ स्थूल व्यक्तींचें वजन प्रथम अल्पाहारानें सरासरी १३ किलो उतरविलें; मग कांहींस लिराग्लुटाइड हें ह्याच जातीचें औषध, कांहींस देखरेखीखालीं व्यायाम, कांहींस दोन्ही, तर कांहींस नुसतें दिखाऊ इंजेक्शन असें वर्षभर दिलें. त्याचा वृत्तांत २०२१ सालीं आला. पण खरी मौज पुढेंच आहे. सर्व उपचार थांबवून आणखी एक वर्षानें पाहतां, केवळ औषध घेतलेल्यांचें वजन पुष्कळ परत आलें होतें. औषधाबरोबर व्यायामाची संवय लागलेल्यांनीं मात्र तें बरेंच अधिक राखलें होतें. कारण उघड आहे. औषध थांबवितां येतें. अंगवळणीं पडलेली संवय औषधाबरोबर थांबत नाहीं. म्हणून औषध चालू असतांनाच व्यायामास प्रारंभ करावा. जागतिक आरोग्य संघटनेनें आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें भरभर चालण्यासारखा व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंस बळ देणारे श्रम सांगितले आहेत. सूर्यनमस्कार, जोरबैठका, वजनें उचलणें, ह्यांपैकीं ज्याला जें मानवेल तें करावें. घरांतील स्त्रियांस "कामांतच व्यायाम होतो" असें सांगून वाटेस लावूं नये. ओट्याशीं चार तास उभें राहिल्यानें पाय दुखतात. स्नायू बळावत नाहींत.

चौथें कलम : मोजणीचें. अमेरिकेंत १९९४ पासून एक नोंदवही ठेविलेली आहे; निदान ३० पौंड वजन उतरवून तें वर्षभर तरी राखलेल्यांचींच नांवें तींत घेतात. त्या लोकांच्या संवयी पाहिल्या तर त्यांत चमत्कार कांहींच नाहीं : बहुतेक जण रोज सुमारें तासभर व्यायाम करितात, चारांतील तिघे आठवड्यांतून एकदां तरी वजन करितात, आणि बहुसंख्य लोक सकाळची न्याहारी चुकवीत नाहींत. आपणही आठवड्यांतील एक वार ठरवावा, आणि सकाळीं स्नानापूर्वीं वजन करून तें दिनदर्शिकेवर टिपून ठेवावें. ठरविलेल्या आंकड्याहून दोन किलो वाढ दिसली कीं तत्काळ आहारव्यायामाची तपासणी करावी. पांच किलो वाढली तर डॉक्टरांकडे जावें. दोन किलो उतरविणें महिन्यादोन महिन्यांचें काम आहे. दहा किलोंसाठीं पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते.

घराचा वांटा

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. वरील चारी कलमें एकट्यानें राहणाऱ्यास फार तर निश्चयाच्या बळावर पाळतां येतील; पण एकत्र कुटुंबांत ताट आपलें असलें तरी वाढणारा हात दुसऱ्याचा असतो. आणि आपल्याकडे वाढणें म्हणजे प्रेम करणें, अशी समजूत आहे. "एवढी अर्धी पोळी माझ्याखातर", "सणाचा दिवस, नाहीं म्हणूं नये", "एवढ्याशा शिऱ्यानें काय होतें?" ही आग्रहाची भाषा गोड असते, आणि औषध सुटलेल्या माणसास तीच सर्वांत जड जाते. त्याची भूक आधींच जागी झालेली. तींत आग्रहाची भर पडली म्हणजे त्यानें झगडावें तरी किती? तेव्हां घरच्या कर्त्या मंडळींनीं एक नियम करावा : पहिल्या वाढण्यानंतर मागितल्याशिवाय वाढावयाचें नाहीं. प्रेम दाखविण्यास दुसरे पुष्कळ मार्ग आहेत. जेवणानंतर बरोबर अर्धा तास चालावयास जाणें हा त्यांतला एक.

दुसरा नियम असा कीं, पथ्याचा स्वयंपाक निराळा शिजवूं नये. एकासाठीं उसळ आणि बाकीच्यांसाठीं श्रीखंडपुरी, असें ताट शेजारींशेजारीं मांडणें ही क्रूरताच आहे. शिवाय वेगळें शिजविण्याचा भार ज्या बाईवर पडतो ती चार दिवसांत कंटाळते. घट्ट वरण, उसळ, कोशिंबीर व मोजका भात हा आहार पोराथोरांस सर्वांसच हितकर आहे. तोच घराचा आहार व्हावा. गोडधोड सणावारीं अवश्य करावें. पण सण संपल्यावर त्याचे डबे आठवडाभर फळीवर राहूं नयेत. एकादशीसारख्या उपासास साबुदाण्याची खिचडी व बटाट्याचा कीस ह्यांनीं पोट भरलें, तर तो दिवस इतर दिवसांहून जड जातो, हें 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणणाऱ्यांस पूर्वींपासून ठाऊक आहेच. त्या दिवशीं राजगिरा, दहीं व फळें ह्यांवर भर द्यावा.

तिसरी गोष्ट घरांतील स्त्रियांविषयींची आहे, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. औषध सुटलेली व्यक्ति जर घरची सून किंवा सासू असेल, तर तिचें पथ्य कोण पाहतो? ती सर्वांच्या मागून जेवते. उसळ तोंवर संपलेली असते आणि भात उरलेला असतो. पातेल्यांतलें वाया जाऊं नये म्हणून तो तीच संपविते. गृहस्थाच्या पथ्यासाठीं सारें घर राबतें. गृहिणीच्या पथ्यासाठीं कोणीच राबत नाहीं, कारण राबणारी ती एकटीच असते. ह्यावर उपाय साधा आहे. तिच्या वांट्याची उसळ व दहीं आधींच बाजूस काढून ठेवावें, शक्य तर सर्वांनीं एकाच पंगतीस बसावें, आणि तिच्या चालण्याचा अर्धा तास हा घरच्या वेळापत्रकांत दुधवाल्याच्या वेळेइतकाच पक्का असावा. तेवढा वेळ मुलांकडे कोणी पाहावें, हें पुरुषांनीं ठरवावें.

चौथी सूचना बोलण्याविषयीं. वजनाचा विषय पाहुण्यांपुढें काढूं नये. मुलांदेखत तर मुळींच नाहीं. मुलें आपल्या आईच्या कंबरेवरील विनोद ऐकतात, आणि स्वतःच्या शरीराची लाज बाळगावयास शिकतात. आठवड्याचें वजन ज्याचें त्यानें टिपावें; त्यावर इतरांनीं टीका करूं नये, विचारल्यास मदत करावी.

पुन्हा औषध लागलें तर?

हें सर्व करूनही कित्येकांचें वजन वाढेल. जागतिक आरोग्य संघटनेनें डिसेंबर २०२५ मध्यें ह्या औषधांविषयीं जें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें, त्यांत स्थूलता हा दीर्घकाळ सांभाळावयाचा विकार मानला असून औषधाबरोबर आहारविहाराचीही जोड सांगितली आहे. रक्तदाबाची गोळी थांबविल्यावर दाब चढला, तर आपण रोग्यास दोष न देतां गोळी पुन्हा सुरू करितों. वजनाचेंही तसेंच समजावें. डॉक्टरांनीं पुन्हा औषध सुचविलें तर तो पराभव नव्हे. आणि तेव्हांही घरची ही व्यवस्था फुकट गेली असें होत नाहीं, कारण औषध चालू असो वा नसो, स्नायू, प्रथिनें व चालणें ह्यांची गरज कधींच सुटत नाहीं.

आपल्या वाचकांच्या घरीं कोणी हें औषध नुकतेंच थांबविलें असेल, किंवा थांबविण्याच्या विचारांत असेल, तर पहिले पांच आठवडे हातचे जाऊं देऊं नयेत. ह्याच रविवारीं घरांतील मोठीं माणसें एकत्र बसून चार गोष्टी ठरवूं शकतील : वजनाचा वार, चालण्याची वेळ, वाढण्याचा नियम, आणि घरांतल्या बाईच्या ताटांतील उसळीची वाटी.